मातीचं धुरीकरण करताय? मग जिवाणूंचा हिशेब आधी मांडा

दोन-तीन वर्षं सलग ढबू मिरची किंवा जरबेरा घेतलेल्या पॉलिहाऊसमध्ये मर (झाड माना टाकून वाळण्याचा रोग) सुरू झाली, की कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉर्मॅलिन मारा, माती निर्जंतुक करा." फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण; अशा औषधाच्या वायूने मातीतले रोगजंतू मारणं म्हणजे धुरीकरण. कॅन येतात, बेडवर प्लॅस्टिक पडतं, आठवड्याने पाणी सोडून बेड धुतले जातात आणि लगेच रोपं लागतात. पहिलं पीक बहुतेक वेळा झकास येतं. दुसऱ्याला मर परत दिसते, काही ठिकाणी आधीपेक्षा जास्त. मग "डोस कमी पडला" म्हणून पुढच्या खेपेला चार कॅन जादा.

डोसचा प्रश्न क्वचितच असतो. धुरीकरणाचा निकाल औषध सोडलं त्या दिवशी लागत नाही. रिकाम्या झालेल्या मातीत पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आधी कोण शिरतं, यावर तो लागतो. एसटीच्या रिकाम्या सीटवर खिडकीतून ज्याचा रुमाल आधी पडला त्याची जागा, तसला प्रकार. रोगाची बुरशी परत येणारच आहे, रोपांच्या ट्रेमधून, पाटाच्या पाण्यातून, भाड्याच्या रोटाव्हेटरच्या पात्यांना चिकटून. ती येईल तेव्हा जागा अडवलेली असावी, एवढं आपल्या हातात आहे.

आधी हे समजून घ्या: मातीत नेमकं काय होतं

चमचाभर चांगल्या मातीत अब्जावधी जिवाणू असतात. धुरीकरणाने ते सगळे मरत नाहीत. बॅसिलससारखे बीजाणू (कडक कवचातलं सुप्त रूप) करणारे जिवाणू टिकतात, कारण त्यांचा बीजाणू उष्णता आणि रसायन दोन्ही सोसतो. पहिल्या काही दिवसांत एकूण संख्या घसरते, आणि नंतर, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं, एक ते तीन आठवड्यांत ती पूर्वीएवढी, कधी कधी पूर्वीपेक्षाही जास्त होते. कारण सोपं आहे: मेलेल्या सूक्ष्मजीवांची शरीरं हेच उरलेल्यांचं खाणं. पण वाढतात ते भराभर विभागणारे मोजकेच प्रकार. गर्दी तेवढीच, मंडळी मात्र निराळी.

सगळ्यात उशिरा परततात ते नत्राचं काम करणारे. अमोनियाचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास गटातले आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे नायट्रोबॅक्टर गटातले जिवाणू हळू वाढतात आणि विषाला लवकर बळी पडतात. उलट सेंद्रिय पदार्थ कुजवून अमोनिया मोकळा करणारे ढीगभर प्रकार आहेत, त्यातले बरेचसे वाचतात. म्हणजे कारखान्याचं पहिलं खातं चालू, दुसरं बंद. मातीत अमोनियम साचत जातो. इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी 1909 सालीच दाखवलं होतं, की अर्धवट निर्जंतुक केलेल्या मातीत अमोनिया वाढतो आणि पीकही वाढतं. धुरीकरणानंतरचं पहिलं पीक झकास का येतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. रोग गेला हे खरं, पण मेलेल्या जिवाणूंच्या अंगातलं नत्रही पिकाला फुकटात मिळालं. दुसऱ्या पिकाला ते मिळत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडे भाताचा तरवा (रोपांचा वाफा) टाकण्याआधी पालापाचोळा, शेणी पसरून जमीन भाजतात. तणाचं बी मरतं, राख मिळते, आणि भाजलेल्या थरात नत्र मोकळं होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी या राब पद्धतीचा अभ्यास केला होता. फरक एवढाच, की तरव्यात रोपं महिनाभर राहतात आणि मग जिवंत चिखलात जातात. पॉलिहाऊसमधलं झाड त्याच भाजलेल्या बेडवर वर्षभर, जरबेरा तर अडीच-तीन वर्षं उभं असतं.

पायरी 1: धुरीकरण खरंच लागणार आहे का

माना टाकलेलं झाड उपटू नका, खुरप्याने मुळासकट काढा. मुळावर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे बारीक जंत. घेवडा, भुईमूग अशा द्विदल पिकावर गाठ बोटाने सहज सुटते आणि आतून गुलाबी दिसते, ती हवेतलं नत्र धरणाऱ्या रायझोबियम जिवाणूंची, तिला हात लावू नका. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ते सुटत नाही.

गाठी नसतील तर बुडाजवळचं खोड तिरकं कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडेल असं धरा. हलवायचं नाही. दोन-पाच मिनिटांत टोकातून दुधट धागे खाली उतरायला लागले तर ती जिवाणूजन्य मर, राल्स्टोनिया. टोमॅटो, वांगी, मिरची, आलं या सगळ्यांवर येते. धागे नाहीत पण खोडाच्या आतली नळी तपकिरी झाली असेल, तर फ्युजेरियमची बुरशी असण्याची शक्यता जास्त.

राल्स्टोनिया निघाला तर माझा सल्ला स्पष्ट आहे: फॉर्मॅलिनवर पैसे घालवू नका. तो जिवाणू खोलवर, तणांच्या मुळांत आणि पाण्यातही राहतो. औषध वरच्या थरात त्याचे स्पर्धक मारतं आणि हा खालून परत वर येतो. तिथे पीक बदला, निचरा सुधारा, टोमॅटो-वांग्यासाठी रोगाला दाद न देणाऱ्या खुंटावरची कलमी रोपं घ्या. आल्यात बेण्यातूनच रोग येतो, तेव्हा बेणं बदलल्याशिवाय मातीचं काहीही केलं तरी उपयोग नाही.

उसाच्या रानात धुरीकरणाचा विषयच येत नाही. तिथे पाचट जाळू नका, एवढं पुरे.

पायरी 2: आधीचा नमुना आणि एक कोरा तुकडा

ही पायरी जवळजवळ कुणी करत नाही, आणि म्हणून कुणाला नक्की काय झालं ते कळत नाही. एका बेडचा दोन-तीन मीटरचा तुकडा धुरीकरणाशिवाय सोडा. रोगाची भीती असेल तर कडेचा, उताराच्या खालच्या बाजूचा सोडा.

नमुना घेण्याची रीत खत-परीक्षणाच्या नमुन्यापेक्षा वेगळी आहे. तिथे आपण माती सावलीत वाळवतो, इथे वाळवली की संपलं. खुरपं स्पिरिटने पुसा, वरचा काडीकचरा बाजूला करून 15 सेंटीमीटरपर्यंतची माती आठ-दहा ठिकाणांहून घ्या, एकत्र करा, अर्धा किलो नव्या प्लॅस्टिक पिशवीत भरा, बर्फाच्या थर्माकोल पेटीत ठेवा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत पोचवा. कुठे तपासून मिळेल ते कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात फोन करून आधी विचारा. जिवाणू-मोजणी सगळीकडे होत नाही.

अहवालाबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काचेच्या बशीत वाढवून मोजलेले जिवाणू हा खऱ्या संख्येचा अगदी लहान भाग असतो, कारण बहुतेकांना त्या बशीतलं खाणं मानवत नाही. आणि डीएनए तपासणी महाग असूनही धुरीकरणानंतर लगेच केली तर फसवते, कारण मेलेल्यांचा डीएनए मातीत काही काळ तसाच असतो. मला विचाराल तर सेंद्रिय कर्ब, आणि अमोनियम नत्र व नायट्रेट नत्र वेगवेगळं, एवढं तपासून घेतलं तरी शेतकऱ्याच्या कामापुरतं भागतं.

पायरी 3: पद्धत निवडा

मिथाइल ब्रोमाइड विसरा. ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार विकसित देशांत 2005 आणि आपल्यासारख्या देशांत 2015 पासून शेतातला त्याचा नेहमीचा वापर बंद झाला.

मेटॅम सोडियम आणि डॅझोमेट ही दोन्ही ओल्या मातीत गेली की मिथाइल आयसोथायोसायनेट नावाचा वायू सोडतात. बुरशी, सूत्रकृमी, तणाचं बी यांच्यावर जोरदार. पण एकाच रानात वर्षानुवर्षं तेच वापरलं, तर तो वायू खाऊन पचवणारे जिवाणू मातीत वाढतात आणि औषध काम करण्याआधीच संपतं. ऑस्ट्रेलिया, इस्राएल, नेदरलँड्समध्ये हा अनुभव आलेला आहे. घ्यायचं ठरवलंत तर लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का बघा आणि पक्कं बिल घ्या.

फॉर्मॅलिन स्वस्त, म्हणून सर्रास. चांदीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साईड त्या मानाने सौम्य, त्याचा अंश मागे राहत नाही. पण सेंद्रिय पदार्थ भेटला की ते तिथेच फसफसून संपतं. म्हणून शेणखत घातलेल्या बेडवर पेरॉक्साईड ओतणं म्हणजे पैसे ओतणं. आधी पेरॉक्साईड, मग खत.

रसायनाशिवायचे मार्गही आपल्या जिल्ह्याला जमतात, त्याबद्दल पुढे.

पायरी 4: फॉर्मॅलिनच वापरणार असाल तर

लाल मातीच्या बेडवरच वापरा. पन्हाळा-शाहूवाडीकडची जांभी माती भरलेल्या बेडमधून ते नीट मुरतं आणि नीट धुतलंही जातं. नदीकाठच्या काळ्या भारी जमिनीत दोन्ही होत नाही. आणि शिरोळच्या क्षारपड पट्ट्यात धुण्याचं पाणी भूजलाची पातळी वर आणून क्षारच वर काढतं.

आठ-दहा दिवस आधी बेड भिजवून वाफशावर ठेवा. ओलीत सुप्त बीजाणू आणि तणाचं बी जागं होतं, आणि जागं झालेलंच लवकर मरतं. अर्धवट कुजलेलं शेणखत, भाताचं तूस असलं काही घालायचंच असेल तर ते आत्ता घाला, म्हणजे त्यातला रोगही जाईल. चांगलं कंपोस्ट, गांडूळखत मात्र राखून ठेवा.

नेहमी सांगितलं जाणारं प्रमाण गुंठ्याला साडेसात ते दहा लिटर फॉर्मॅलिन, दहापट पाण्यात. झारीने सारखं ओता, लगेच प्लॅस्टिक झाका, कडा मातीने दाबा, सात दिवस ठेवा. नंतर प्लॅस्टिक काढून बाजूचे पडदे वर करा, आणि चौरस मीटरला 100 लिटर पाण्याने धुवा. म्हणजे गुंठ्याला 10,000 लिटर, एक मोठा टँकर. हे पाणी ओढ्यात सोडायचं नाही. पंचगंगेला आधीच पुरे झालंय.

फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये ठरवलं आहे. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल म्हणजे संरक्षण नव्हे. काडतुसाचा मास्क, डोळ्यांना बंद चष्मा, रबरी हातमोजे, गमबूट. काम पहाटे, पडदे उघडे ठेवून, दोघांनी मिळून. बायका रोजगारावर असतात आणि "जरा झाका म्हणावं" म्हणून प्लॅस्टिक ओढायला त्यांनाच पुढे करतात. असं करू नका. ज्याच्या अंगावर मास्क, त्यानेच आत जायचं.

पायरी 5: हळिवाची परीक्षा

माती रोपाला तयार झाली का, हे तारखेवरून ठरवू नका. घरात बाळंतिणीसाठी आणलेलं हळीव असेल, ते मूठभर घ्या. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत धुरीकरण केलेल्या बेडमधली 15-20 सेंटीमीटर खोलीची ओलसर माती अर्ध्यापर्यंत भरा, दुसरीत कोऱ्या तुकड्यातली. वरची माती घेऊ नका, तिच्यातला वायू आधीच उडालेला असतो. दोन्हींवर ओल्या कापसाची चकती ठेवून त्यावर हळीव पेरा, झाकणं घट्ट लावा, घरात सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत हळीव उगवतं. कोऱ्या मातीच्या बरणीत हिरवे कोंब उभे राहिले आणि दुसरीत बी बुळबुळीत होऊन तसंच पडलं, किंवा मोड येऊन करपला, तर मातीत अजून विषारी वायू आहे. बेड एकदा उकरून हवा द्या आणि चार दिवसांनी परत परीक्षा घ्या.

जे हळिवाला मारतं ते तुमच्या ट्रायकोडर्मालाही (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्र बुरशी) मारतं आणि सुडोमोनास या मित्र जिवाणूलाही. म्हणून ही परीक्षा पास होण्याआधी जैविक खताची बाटली उघडूच नका.

पायरी 6: माती परत भरा

खरं काम इथे आहे, आणि तयारी धुरीकरणाच्याही आधी सुरू करावी लागते. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत 100 किलो घ्या, त्यात एक-दोन किलो ट्रायकोडर्मा मिसळा, ओलसर करून सावलीत ढीग घाला, ओल्या गोणपाटाने झाका, आठवडा-दहा दिवस मुरू द्या, मधे एकदा वरखाली करा. वर पांढरट-हिरवी बुरशी धरली की तयार. सुडोमोनास, बॅसिलस, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, अॅझोटोबॅक्टर हे लागवडीच्या वेळी वेगळे द्या. द्विदल पीक असेल तर रायझोबियमची बीजप्रक्रिया टाळू नका, धुरीकरणाने ते जवळपास संपलेले असतात.

दुकानात बाटलीवरची मुदत आणि संख्या वाचा. द्रवरूप जिवाणू खतात मिलीलिटरला किमान 10 कोटी, पावडरीत ग्रॅमला 5 कोटी जिवाणू असायला हवेत. उन्हात ठेवलेल्या शेल्फवरची बाटली घेऊ नका.

बाटलीतल्या जिवाणूवर मात्र फार भरवसा टाकू नका. एका बाटलीत एक-दोन प्रकार, आणि मातीत हवेत हजारो. ते हजारो फक्त तुमच्या शेणखतात आणि गांडूळखतात आहेत. पैसे कमी असतील तर बाटल्या कमी करा, कंपोस्ट वाढवा. शेजारच्या निरोगी, कधी मर न आलेल्या बांधाकडची माती चार घमेली कंपोस्टात मिसळणं हाही उपाय काही जण करतात. तिथल्या मुळांवर गाठी नाहीत याची खात्री असेल तरच करा.

तांबंयुक्त बुरशीनाशक किंवा स्ट्रेप्टोमायसीनचं ड्रेंचिंग (मुळाशी ओतणं) या काळात नको.

पायरी 7: पहिल्या महिन्याचं खत

नायट्रेट करणारे जिवाणू परतलेले नाहीत, अमोनियम आधीच साचलाय, आणि त्यात आपण बेसल (लागवडीचा पहिला डोस) म्हणून डीएपी आणि युरिया टाकतो. मग मिरचीची पानं काळपट हिरवी होतात, कडा आत वळतात, मुळांची टोकं तपकिरी पडतात आणि फळाच्या तळाला डाग येतो. काळपट हिरवा रंग बघून लोक खूश होतात, गडबड तिथेच आहे. जास्त अमोनियम कॅल्शियमचं शोषण अडवतो, म्हणून तळाची कूज.

पहिले तीन-चार आठवडे नत्र नायट्रेट रूपात, ड्रिपमधून कॅल्शियम नायट्रेटने, थोडं थोडं द्या. महिन्याने नायट्रेट आणि अमोनियम परत तपासा. कोऱ्या तुकड्याच्या बरोबरीला नायट्रेट आलं की ते जिवाणू कामाला लागले असं समजा, मग तुमचा नेहमीचा खताचा कार्यक्रम.

रसायनाशिवाय: ऊन, गूळ आणि मोहरी

सौरनिर्जंतुकीकरणाला आपल्याकडे साधारण मार्चचा मध्य ते एप्रिलअखेर एवढाच वेळ. मेमध्ये वळीव प्लॅस्टिकवर तळी करतो आणि वारा ते फाडतो. पारदर्शक, 25 ते 50 मायक्रॉनचं प्लॅस्टिक, भिजवलेल्या सपाट बेडवर ताणून, चार ते सहा आठवडे. काळं चालत नाही. कोल्हापूरचं ऊन विदर्भाइतकं कडक नाही, त्यामुळे उघड्या रानात वरच्या वीतभर थरापुरताच भरवसा. बंद पॉलिहाऊसमध्ये निकाल बराच चांगला. उष्णतेत बॅसिलस टिकतो, सुडोमोनास घटतो पण लवकर परततो.

काळ्या जमिनीसाठी मला सगळ्यात आवडतो तो वेगळाच मार्ग, हवा कोंडून माती शुद्ध करण्याचा. जपान आणि नेदरलँड्समध्ये हा विकसित झाला. मातीत सहज कुजणारं खाणं घालायचं, पाण्याने तुडुंब करायचं, हवाबंद झाकायचं. जिवाणू ते खाताना सगळा प्राणवायू संपवतात, मग क्लॉस्ट्रिडियमसारखे हवेशिवाय जगणारे पुढे येतात आणि ॲसिटिक, ब्युटिरिक अशी आम्लं सोडतात. फ्युजेरियम आणि सूत्रकृमी त्यातच मरतात. म्हणजे औषधाचं काम जिवाणूच करतात. भारी जमिनीचा पाणी धरून ठेवण्याचा जो स्वभाव फॉर्मॅलिनला नडतो, तोच इथे कामाला येतो.

राइस मिलमधला बारीक कोंडा, तूस नव्हे, चौरस मीटरला एक ते दोन किलो, म्हणजे गुंठ्याला क्विंटल-दोन क्विंटल. वर गुऱ्हाळावरचा जनावरांना घालायचा हलका गूळ पाण्यात विरघळवून ओतला तर सुरुवात लवकर होते. रोटाव्हेटरने वीतभर मिसळा, मूठ दाबल्यावर बोटांतून पाणी निघेल इतकं भिजवा, जाड प्लॅस्टिक झाका, कडा खोल गाडा. माती कोमट हवी, तीस अंशांच्या पुढे उत्तम. तीन-चार आठवडे. चौथ्या-पाचव्या दिवशी कडेला नाक लावून बघा: आंबूस, गटारासारखा वास आला तर जमलंय, वास नाही तर कुठूनतरी हवा शिरतेय. उघडल्यावर माती करडी-निळसर दिसते. नांगरून आठवडाभर हवा द्या, वास गेला की लागवड.

मोहरीचा उपाय रब्बीतला. दाट पेरायची, फुलोऱ्यात बारीक चिरून लगेच गाडायची, पाणी द्यायचं, झाकायचं. चिरल्यावर तिच्यातून मेटॅमच्या जातीचाच वायू निघतो, पण फार कमी. सूत्रकृमी थोड्या असतील तर ठीक, रान भरलेलं असेल तर एकट्या मोहरीने भागत नाही.

पायरी 8: दोन महिन्यांनी कापड उकरा

लागवडीच्या दिवशीच जुन्या सुती धोतराच्या किंवा पंच्याच्या वीतभर पट्ट्या, टेरिकॉट नको, 10 सेंटीमीटर खोल पुरून ठेवा, काही धुरीकरण केलेल्या बेडमध्ये, काही कोऱ्या तुकड्यात. सुतळीचं टोक वर ठेवा, नाहीतर सापडणार नाहीत. दोन महिन्यांनी काढून हलकेच धुवा. कोऱ्या तुकड्यातली पट्टी जाळीदार झाली आणि बेडमधली अजून ओढून फाटत नाही, म्हणजे कुजवणारी मंडळी परतलेली नाहीत. आणखी कंपोस्ट द्या, आणि पुढच्या हंगामात त्या बेडवर परत धुरीकरण करू नका.

दारात चुना किंवा जंतुनाशकाचं पायपुसणं, रोटाव्हेटरची पाती आत येण्याआधी धुतलेली, रोपं खात्रीच्या रोपवाटिकेतली आणि कोकोपिटमधली, विहिरीचं पाणी वर्षातून एकदा तपासलेलं, एवढं सांभाळलं तर दर हंगामाला कॅन आणण्याची पाळी येत नाही. भाड्याचं अवजार दारात आलं की ड्रायव्हर घाई करतो, "दादा, पुढं आणखी दोन रानं हायत" म्हणतो. पाईप तयार ठेवा आणि पाती तुमच्या हाताने धुवा.